दुसरी खेप

मंगळवार, ३ तारीख

आजपासून रजा. प्रयोगशाळेतून निघताना साहेब म्हणाले, "आता ठोकळे कोण फोडणार?" मी म्हटलं, "तुम्हीच फोडा, तेवढाच राग निघेल." बांधकामांवरून आलेले काँक्रीटचे ठोकळे यंत्रात धरायचे, दाब वाढवत न्यायचा आणि कुठल्या आकड्याला ठोकळा फुटतो ते लिहायचं, हे माझं काम. फुटायच्या जरा आधी ठोकळा आतल्या आत कुरकुरतो. ते ऐकायला मला अजून आवडतं. साहेबांच्या मते मी विक्षिप्त आहे.

घरी आले आणि हात रिकामे. दिवसभरात काही नोंदवलं नाही तर मला जेवल्यासारखं वाटत नाही, म्हणून ही वही काढली.

तर नोंद अशी. दिवस भरायला आठवडा आहे. हे दुसरं. पहिली मुलगी साडेतीन वर्षांची. जन्मली तेव्हा नाक एवढंसं होतं म्हणून सगळे तिला बटण म्हणतात. बटणाच्या वेळी कळा सुरू झाल्या, अर्ध्या वाटेवर तिचे ठोके एकदम पडले आणि मला पूर्ण भूल देऊन सिझर केलं. मला जाग आली तोवर बाप, आजी, नर्सा आणि फरशी पुसणारा माणूससुद्धा तिला भेटून गेले होते. सगळ्यांत शेवटी मी. मधल्या वेळात काय झालं हे मला कुणी नीट सांगितलंच नाही. नवऱ्याला विचारलं की तो म्हणतो, "झालं की सगळं व्यवस्थित," आणि चष्मा पुसायला घेतो.

या खेपेला नॉर्मल जमतंय का ते मला बघायचंय. हट्ट म्हणा, पण त्याहून जास्त उत्सुकता आहे. कळ सुरू कुठून होते, वाढते कशी, शेवटी काय होतं? एवढं मोठं काम माझ्याच शरीरात चालणार आणि मीच गैरहजर, हे काही बरं नाही.

शुक्रवार, ६ तारीख

डॉक्टरबाईंकडे जाऊन आलो. बाई कमी बोलतात, पण विचारलं तेवढं सगळं सांगतात. मी प्रश्न मनात घोकूनच गेले होते.

पहिल्या सिझरची चीर गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवी आहे. ती बरी. उभी असती तर बाईंनी नॉर्मलचं नावही काढू दिलं नसतं. माझ्यासारख्या बायकांत कळा आपणहून आल्या तर चारातल्या तिघींचं नॉर्मल होतं. बाकीच्यांचं पुन्हा सिझर.

"आणि शिवण?" मी विचारलं.

"दोनशे बायकांमध्ये साधारण एकीची उसवते."

"उसवली तर?"

"तर पळापळ. लगेच पोट उघडावं लागतं. आईला रक्त लागू शकतं, बाळाला धोका असतो. म्हणून तर मी तुम्हाला घराजवळच्या छोट्या दवाखान्यात नाही, मोठ्या हॉस्पिटलात बोलावते. तिथे थिएटर शेजारी आहे आणि रक्त तयार असतं."

नवरा शेजारी बसून हे ऐकत होता. त्याचं चष्म्यांचं दुकान आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "ही बरी की ही बरी?" विचारण्यात त्याचं आयुष्य जातं. आज त्याने तोंड उघडलं ते एकदाच. "हे दुसऱ्याच खेपेला होतं का?" असं त्याने विचारलं. बाई म्हणाल्या, "कुठल्याही खेपेला होऊ शकतं." 

मला गंमत वाटली ती आकड्याची. दोनशे म्हणजे आमच्याकडे एका मोठ्या पुलाचे ठोकळे. सरासरी चांगली आली की सगळे खूश. पण यंत्रात असलेल्या एका ठोकळ्याला सरासरीशी काही देणंघेणं नसतं. हे मी नवऱ्याला गाडीत सांगितलं. त्याने लाल दिवा तोडला. एरवी पिवळ्यालाही थांबणारा माणूस.

रविवार, ८ तारीख

घरात आज परिषद भरली. हॉस्पिटलात बरोबर एकच माणूस राहू देतात. माझं म्हणणं साधं होतं: नवरा माझ्याबरोबर, सासूबाई घरी बटणाजवळ. माझी आई वडिलांच्या आजारपणामुळे जागची हलू शकत नाही, ती फोनवर.

सासूबाई म्हणाल्या, "मी येते तुझ्याबरोबर. तो बघेल पोरीकडे."

"पण आई, बटण तुमच्याकडेच छान राहते."

"राहते. पण या वेळी मी येते."

यापुढे काही नाही. सासूबाई शाळेत कवायत शिकवायच्या. निवृत्त होऊन सात वर्षं झाली तरी वाक्य संपलं की शिट्टी वाजल्यासारखं वाटतं. मी नवऱ्याकडे पाहिलं. म्हटलं, बायकोजवळ मीच थांबणार असं आता म्हणेल. तो म्हणाला, "आई म्हणते तसं करूया." इतक्या पटकन, की मला रागच आला. सुटका झाल्यासारखा चेहरा.

सासूबाईंना तिथे येऊन काय करायचंय हेही कळेना. त्यांना स्वतःला मूल झालेलं नाही. नवऱ्याची जन्मदात्री तो दोन वर्षांचा असताना तापाने गेली. पुढे वर्षभराने त्याच्या वडिलांनी सासूबाईंशी लग्न केलं. 'सावत्र' हा शब्द या घरात कुणी उच्चारत नाही, आणि उच्चारायची कधी गरजही पडली नाही. मीही लग्नानंतर वर्षभरात विसरूनच गेले होते. पण बाळंतपणाच्या खोलीत मला अनुभवी माणूस हवं, कवायतीचं नको. हे मी फक्त इथेच लिहितेय.

मंगळवार, १० तारीख

काल दिवस भरले. बाळाला मात्र कुणी कळवलेलं दिसत नाही.

सगळे फोन करतात. "काही आहे का?" जणू मी दुकान आहे आणि माल यायचाय. साहेबांचाही फोन आला. नव्या पोराने यंत्रात ठोकळा तिरका ठेवला आणि आकडा चुकवला म्हणे. मला फार बरं वाटलं.

आज बाईंनी आतून बोट फिरवून पाहिलं. त्याने कधीकधी कळा सुरू होतात. दुखलं, पण काय केलं ते विचारलं की दुखणं थोडं कमी होतं, हे मला माझ्याबद्दल कळलंय. गर्भाशयाचं तोंड अजून घट्ट, मागे वळलेलं, जेमतेम बोटभर उघडलेलं. बाळ व्यवस्थित, डोकं खाली, पाणीही पुरेसं.

संध्याकाळी बटणाला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेले. ती पोटाला तोंड लावून ओरडली, "ए, बाहेर ये, नाहीतर मी तुझा पलंग घेईन." आतून एक जोरदार लाथ. संवाद चांगला चाललाय दोघांचा.

शुक्रवार, १३ तारीख

आज मोठा दिवस. लिहायला बसायला वेळ लागला कारण आधी भांडण झालं.

बाई म्हणाल्या, सोमवारपर्यंत वाट पाहू. त्यापुढे थांबणं बाळासाठी बरं नाही. सोमवारी दोन रस्ते. एक, ठरवून सिझर. दुसरा, कळा आपण आणायच्या.

"कळा आणल्या तर शिवणीचं काय?"

"धोका वाढतो. दोनशेत एकीच्या जागी दोघी-तिघी धरा. आणि नॉर्मल होण्याची शक्यताही थोडी कमी, तिघींतल्या दोघी. तुम्हाला आधी एकही नॉर्मल झालेलं नाही, तेही त्यात आलं."

"कळा आणायच्या कशा?"

इथे बाईंना जरा रंग चढला. इतरांना गोळी देतात, ती मला नाही. ती एकदा पोटात गेली की परत काढता येत नाही आणि गर्भाशय कधीकधी फार जोरात आवळतं. शिवणीवर एवढा ताण नको. म्हणून माझ्यासाठी फुगा. बारीक नळीच्या टोकाला रबरी फुगा असतो. तो गर्भाशयाच्या तोंडातून आत सरकवायचा आणि त्यात पाणी भरायचं. फुगा आतून दाबत राहतो, तोंड हळूहळू मऊ होऊन उघडतं, पुरेसं उघडलं की फुगा आपणहून बाहेर पडतो. त्यानंतर गरज लागली तर सलाइनमधून कळांचं औषध, थेंब मोजून. नको वाटलं तर लगेच बंद करता येतं.

मी म्हटलं, "फुगा बघू." त्यांनी कपाटातून काढून दाखवला. मी फुगवून पाहिला. साधी, हुशार वस्तू आहे. औषध नाही, जादू नाही, नुसता दाब. माझ्या ओळखीचं काम.

गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "सिझर ठरवूनच टाकूया ना. तारीख ठरते, वेळ ठरते. दुकान बंदची पाटी आधी लावता येते."

"दुकान?"

"म्हणजे, सोयीचं पडतं."

"कुणाच्या सोयीचं?"

"कमरेखालीच बधिर करतात आता. जागी राहशील. तुला जागंच राहायचंय ना?"

"जागी राहून मी काय करणार? छताकडे बघणार? मला कळा बघायच्यात."

"कळा काय बघायच्या असतात!" तो ओरडला. हा माणूस ओरडत नाही. नको असलेली फ्रेम तीनदा बदलून मागणाऱ्या गिऱ्हाइकावरही नाही. मग त्याने गाडी बाजूला घेतली. मी म्हटलं, "माझ्यावर विश्वास नाही तुझा. मला झेपणार नाही असं वाटतं तुला." तो म्हणाला, "तसं नाही." कसं आहे ते मात्र सांगितलं नाही.

मला खरंच कळत नाही. दुकानाच्या सोयीसाठी कुणी एवढं लावून धरतं का?

आणि मी बरोबर वागतेय का, हेही कळत नाही. ठरवून केलेल्या सिझरमध्येही धोके आहेतच, पुढच्या खेपेचे तर जास्त. पण तिसरं आम्हाला नकोच आहे. मग उरतं काय? माझी उत्सुकता. तिच्यासाठी दोनशेतल्या दोघी-तिघींत जाऊन बसायचं? उद्या पुन्हा विचार करते.

रविवार, १५ तारीख

विचार केला. फुगाच. नवऱ्याला सांगितलं. तो "बरं" म्हणाला आणि गाडी काढून हॉस्पिटलाकडे गेला, गाडी कुठे लावायची ते आधी बघून यायला. पार्किंग बघायला किती वेळ लागतो? दोन तासांनी परत आला, चेहरा पांढरा, हातात फळांच्या रसाचा रिकामा डबा, कोपराच्या आतल्या बाजूला कापसाची चिकटपट्टी. मी म्हटलं, "हे काय?" म्हणाला, "काही नाही, तपासणी." बायको बाळंत व्हायची आणि याने शुगर तपासून घेतली! पुरुषांना सगळ्या वेळा बरोबर साधतात.

सासूबाईंनी माझी बॅग तीनदा भरली. काल रात्री ठेवलेलं आज सकाळी काढून पुन्हा घड्या घातल्या. मी म्हटलं, "आई, राहू दे, मी भरते." म्हणाल्या, "बसून राहवत नाही." बटणाला आंघोळ घालताना मात्र त्यांनी तिला इतकं घट्ट धरलं होतं की ती ओरडली, "आजी, मी काय पळून चाललेय?"

सोमवार, १६ तारीख, सकाळ

वॉर्डात. खिडकीशेजारची खाट. फुगा आत आहे.

घालताना पोटात मुरडा आल्यासारखं झालं. सिस्टर पाणी भरत होती तेव्हा मी तिला प्रत्येक वेळी किती गेलं ते विचारत होते. ती म्हणाली, "बाई, पेशंट मी आहे की तुम्ही?" नळीचं दुसरं टोक मांडीला चिकटवलंय. चालता येतं, पण बदकासारखं. अर्धा तास यंत्राचे पट्टे पोटावर बांधून बाळाचे ठोके पाहिले. छान, एकसारखे.

नवरा दाराशी सोडून गेला. त्याला बटणाला बालवाडीत पोचवायचं होतं. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, एखाद्या लहान मुलाच्या ठेवावा तसा. मग सासूबाईंकडे बघून म्हणाला, "आई." एवढंच. त्या म्हणाल्या, "मी आहे. तू जा."

सोमवार, दुपार

वॉर्डातल्या बाकीच्या बायका झोपल्यात. लगेच लिहून ठेवते, नाहीतर उद्या खरं वाटणार नाही.

मघाशी सासूबाईंनी शेजारच्या खुर्चीत बसून माझ्यासाठी सफरचंद कापायला घेतलं. मी फुग्याचं कौतुक सांगत होते, शिवणीचं सांगत होते, दोनशेतल्या दोघी-तिघींचं सांगत होते. त्यांचा चाकू थांबला.

"तुला एक सांगायचंय. आधीच सांगायला हवं होतं. तो म्हणाला नको, तिला घाबरवू नकोस."

"काय?"

"त्याची आई तापाने गेली नाही."

 "मग?" मी विचारलं.

"तो सिझरचा होता. दुसऱ्या खेपेला तिला घरी कळा सुरू झाल्या. सकाळची वेळ. मी शेजारच्या खोलीत भाड्याने राहायचे. नोकरीला नुकती लागले होते. ती दारात आली, पोर माझ्या कडेवर दिलं, म्हणाली, 'जरा सांभाळा हं, आलोच.' ते दोघं गाडीत बसून गेले. संध्याकाळी त्याचे वडील एकटेच परत आले. आतून उसवलं होतं म्हणे. वाटेतच."

सफरचंदाच्या फोडी तांबूस पडायला लागल्या होत्या.

"पोर मला सोडेना. मीही सोडलं नाही. पुढचं तुला ठाऊक आहे." मग त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "दारात उभं राहून पोर हातात घ्यायचं आणि पोराच्या आईला गाडीत बसवून पाठवायचं, हे मला पुन्हा जमणार नव्हतं. म्हणून म्हटलं, या वेळी मी येते."

मी त्यांना कवायतीची बाई म्हणाले होते. याच वहीत.

आणि गाडीत मी त्याला सरासरीचा विनोद सांगितला होता. त्याच्या कोपरावरची चिकटपट्टीही शुगरची नसणार; रक्त देऊन आला होता तो.

बाई राउंडला आल्या तेव्हा मी सगळं त्यांच्यापुढे मांडलं. त्या खाटेच्या कडेवर बसल्या, हे त्या सहसा करत नाहीत.

"त्या वेळची चीर कशी होती कुणास ठाऊक. उभी असू शकते. पोटावर यंत्र नव्हतं, शेजारी थिएटर नव्हतं. तुमच्याकडे दोन्ही आहे. पण धोका शून्य आहे असं मी म्हणणार नाही. थांबायचं असेल तर आत्ता सांगा. उद्या सकाळी शांतपणे सिझर करू. मला राग येणार नाही."

मी सासूबाईंना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?"

"मला भीती वाटते," त्या म्हणाल्या. "पण भीती माझी आहे. पोट तुझं आहे. तू ठरव."

मी नवऱ्याला फोन लावला. म्हटलं, "आईंनी सांगितलं." पलीकडे दुकानातला पंखा ऐकू येत होता. मग तो म्हणाला, "मला काही आठवत नाही त्यातलं. खरंच नाही. तरी." मी म्हटलं, "तू म्हणालास तर सिझर करते." हे मी मनापासून म्हटलं. तो म्हणाला, "बाई काय म्हणतात?" मी सांगितलं. तो म्हणाला, "यंत्र सारखं चालू ठेवतील ना? सारखं?" हो म्हटलं. "मग तुला हवं ते कर. मी म्हणतो म्हणून काही करू नकोस, पुढे मलाच ऐकवशील." आणि हसला. हसणं जेमतेम होतं, पण होतं.

फुगा ठेवलाय. पोट थोडं थोडं आवळतंय. ही कळ म्हणायची की नाही?

बुधवार, १८ तारीख

 आज लिहायलाच हवं, मला सगळं आठवायचंय.

फुगा सोमवारी संध्याकाळी चालता चालता बाहेर पडला. मी इतकी खूश झाले की सिस्टरला बोलावून दाखवला. मंगळवारी सकाळी बाळंतपणाच्या खोलीत नेलं. बाईंनी पाणमोट फोडली. कोमट, केवढं ते पाणी! मग सलाइनमधून औषध, अगदी थोडं. पोटावर दोन पट्टे, एक कळांचा, एक ठोक्यांचा.

तर कळ कशी असते? मला वाटलं होतं आत कुठेतरी सुरू होईल. ती पाठीतून येते. कंबर कुणीतरी दोन्ही हातांनी धरल्यासारखी, मग ते हात पुढे येतात आणि पिळतात. मग सोडतात, आणि मधल्या वेळात काहीच नसतं, अगदी काहीच. मी चक्क सिस्टरला साहेबांचे किस्से सांगितले. पुढची कळ आली की किस्सा अर्धवट.

सासूबाई डोक्याशी उभ्या. पहिल्या दोन-तीन कळांना त्यांना काय करावं कळेना. मग एकदम त्यांचा मैदानावरचा आवाज लागला. "श्वास आत! खांदे सैल! जबडा आवळू नकोस! आता सोड, सोड, सगळा सोड!" शेजारच्या खोलीतली बाईसुद्धा श्वास सोडत होती म्हणे. अनुभवी माणूस हवं होतं मला! याहून चांगलं कुणी मिळालं नसतं.

दुपारी, तोंड बरंच उघडलं होतं तेव्हा, यंत्राचा आवाज बदलला. एकशे चाळीसच्या घरातले ठोके कळ संपल्यावरही नव्वदच्या खाली राहिले. सिस्टरने मला डाव्या कुशीवर वळवलं, औषध बंद केलं. बाई आल्या त्या धावतच. "थिएटरला सांगा, तयार राहा," दारातल्या मुलीला म्हणाल्या. मग ओटीपोटावर, शिवणीच्या जागी हात ठेवला.

"कळ ओसरल्यावर इथे दुखत राहतं का?"

"न्या तिला," सासूबाई म्हणाल्या. आवाज ओळखू येत नव्हता. "आत्ताच न्या. वाट बघत बसू नका."

"आई, थांबा. मला नीट बघू द्या."

मी आत लक्ष लावलं. आयुष्यात कधी कशाकडे एवढं लक्ष दिलं नसेल. कळ आली, चढली, उतरली. शिवणीच्या जागी वेगळं काही होतं का? नव्हतं. खांद्यात? आत रक्त सांडलं की तिथेही दुखतं, असं बाई म्हणाल्या होत्या. नाही. कळ गेली आणि तिच्याबरोबर सगळं दुखणं गेलं.

"नाही," मी म्हटलं. "कळ गेली की दुखणं जातं."

"रक्त नाही," बाई म्हणाल्या. "ठोके वर येतायत. काय करायचं? न्यायचं असेल तर आत्ता नेते. थांबायचं असेल तर औषधाशिवाय थोडं बघू. पण पुन्हा पडले तर विचारणार नाही, सरळ नेईन."

बटणाच्या वेळी इथूनच पुढचं मला माहीत नाही. या वेळी माहीत होतं. मी जागी होते आणि मला विचारलं जात होतं. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला कशाचीही उत्सुकता उरली नव्हती. फक्त तो आवाज चालू राहावा एवढंच वाटत होतं. टकटक टकटक.

"पुन्हा पडले तर न्या," मी म्हटलं. "तोवर थांबू."

ठोके एकशे तीसवर आले आणि तिथेच राहिले. औषध बंद, तरी कळा चालूच राहिल्या. आता त्या माझ्याच होत्या. सासूबाई माझा हात धरून भिंतीकडे बघत उभ्या होत्या.  मीच म्हटलं, "आई, शिट्टी." त्या दचकल्या. मग म्हणाल्या, "श्वास आत."

शेवटचा भाग मला तुकड्या-तुकड्यांत आठवतो, आणि मी तर तो बघायला आले होते! जळजळ. बाईंचं "आता जोर नको, फुंकर, फुंकर." सासूबाईंचं "दिसतंय! अगं, केस दिसतायत!" मग काहीतरी मोठं, गोल, अडलेलं, आणि एकदम निसटून सुटलेलं. माझ्या छातीवर ओलं, गरम, रागावलेलं माणूस. मुलगा. सगळ्यांत आधी मी पाहिलं त्याला. म्हणजे माझ्याआधी बाईंनी, सिस्टरने आणि सासूबाईंनी. असू दे.

वार पडल्यावर बाईंनी शिवणीचं पुन्हा विचारलं, रक्तस्राव पाहिला, खाली दोन टाके घातले. म्हणाल्या, "टिकली." मी म्हटलं, "आकडा सांगा." त्या पहिल्यांदाच हसल्या.

संध्याकाळी नवरा बटणाला घेऊन आला. बटण सरळ पाळण्यापाशी गेली आणि म्हणाली, "हा तर पूर्ण आहे!" तिला काय अपेक्षित होतं देव जाणे. नवरा माझ्या पायांशी उभा राहिला. चादरीवरून माझा अंगठा धरला.

"बरी आहेस?"

"बरी आहे. बाळ बघ ना."

"बघतो. तू बरी आहेस ना?"

"अरे, बघ त्याच्याकडे!"

"बघतो म्हटलं ना. थांब जरा." तो बराच वेळ माझ्याकडेच बघत राहिला. चष्मा पुसला नाही.

शुक्रवार, २० तारीख

काल घरी आलो. बाळ झोपतं, पितं, पुन्हा झोपतं. बटणाने त्याला आपला पलंग तेवढ्यापुरता वापरायची परवानगी दिली आहे.

आज दुपारी मी पडले होते, डोळे मिटून. सासूबाईंना वाटलं झोपले. बाळाला मांडीवर घेऊन त्या त्यांच्या धाकट्या बहिणीशी फोनवर बोलत होत्या.

"अगं हो, झालो एकदाचे बाळंत! मंगळवारी दुपारी... नाही नाही, सिझर नाही. नॉर्मल. मग! कळा सकाळपासूनच होत्या. पहिल्यांदा पाठीत येतं, तुला सांगते, कंबरेला कुणी धरल्यासारखं, आणि मग पुढे. मध्ये एकदा घाबरलो फार. ठोके पडले होते. मग कुशीवर वळलो, औषध बंद केलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली... हो ना, शेवटी तर जोर लावायचा नसतो, फुंकर घालायची असते. ते सांगावं लागतं."

एक-दोन गोष्टी त्यांनी पुढेमागे केल्या होत्या. मी हलले नाही.

पलीकडून बहिणीने काहीतरी विचारलं असावं.  मी डोळे किंचित उघडून पाहिलं. सासूबाईंनी बाळाच्या डोक्यावरचं टोपडं सारखं केलं.

"दुखतं गं," त्या म्हणाल्या. "फार दुखतं. पण जमतं आपल्याला."